नांगर पाहून घ्यावा, पेरणी यंत्र पेरून घ्यावे

शेतीत नव्याने उतरणाऱ्या माणसाकडे पैसा मोजका असतो आणि अवजारांची यादी लांब असते. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, पण त्यामागे जोडायची अवजारे आपली असावीत असे त्याला वाटते, आणि नव्याच्या किमती ऐकल्यावर तो जुन्याकडे वळतो. यात गैर काही नाही. अवजार जुने असले म्हणून ते वाईट ठरत नाही. मात्र जुन्याच्या बाजारात बहुतेकांचा क्रम चुकतो. पहिला शोध नांगराचा होतो, घासाघीस नांगरावर होते, चार जाणत्यांचा सल्ला नांगरासाठी घेतला जातो. पेरणी यंत्र मात्र ‘चाक फिरतंय ना, मग झालं’ एवढ्यावर उचलले जाते. या प्रकरणाचे म्हणणे असे की हा क्रम उलटा करावा. जुन्या नांगराचे दोष डोळ्यांना दिसतात आणि पैशांत भरून निघतात. जुन्या पेरणी यंत्राचे दोष दिसत नाहीत, आणि ते उघड होतात तेव्हा हंगाम हातचा गेलेला असतो. म्हणून पारख करण्यासाठी जो वेळ आणि जी चिकाटी आपल्याकडे आहे, त्यांचा मोठा वाटा पेरणी यंत्राला द्यायला हवा.

आधी कामाचे तास मोजू. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रात एका खातेदाराकडे सरासरी १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास जमीन आहे. हिशेबासाठी चार एकर धरू. दोन फाळांचा पलटी नांगर एका वेळी साधारण ६० सेंटिमीटर रुंदीची माती उलटवतो. ताशी चार किलोमीटर वेग आणि वळणे, थांबे, अडथळे यांत जाणारा पाव वेळ धरला, तर तासाला १,८०० चौरस मीटर काम होते. एकर ४,०४७ चौरस मीटरांचा. म्हणजे चार एकरांना सुमारे नऊ तास. आता ४५ सेंटिमीटर अंतराच्या चार ओळी पेरणारे यंत्र घ्या. त्याची रुंदी १.८ मीटर. वेग तोच ठेवला आणि बी-खत भरण्यात, वळण्यात एक तृतीयांशाहून थोडा अधिक वेळ गेला असे धरले, तरी चार एकरांची पेरणी साडेतीन तासांत उरकते. नांगर वर्षाला नऊ तास आणि पेरणी यंत्र हंगामाला साडेतीन तास! तासांच्या हिशेबाने पाहिले तर लहान शेतकऱ्याने यांतले काहीच विकत घेऊ नये असे वाटेल.

पण शेतीत तासांपेक्षा तारीख महाग असते. खोल नांगरट रब्बीचे पीक निघाल्यापासून मे महिन्यापर्यंत कधीही करता येते. हराळी, कुंदा यांच्या मुळ्या आणि किडींचे कोष वर येऊन उन्हात तापावेत एवढाच तिचा मुख्य हेतू असतो, आणि ते काम एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झाले काय किंवा तिसऱ्या आठवड्यात झाले काय, फारसा फरक पडत नाही. पेरणीला अशी सवड नाही. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय खरिपाची पेरणी करू नका असे कृषी विद्यापीठे सांगतात. तेवढा पाऊस झाला की भारी काळ्या रानात आधी चिखल होतो, मग वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, येतो आणि ऊन लागले की काही दिवसांत तो निघूनही जातो. मधल्या चार-पाच दिवसांत ज्याचे बी मातीत गेले त्याने साधले. नांगर भाड्याने आणला आणि तो आठवडाभर उशिरा आला तर चिडचिड होते. पेरणी यंत्र आठवडाभर उशिरा आले तर पीकच मागे पडते. पेरणी यंत्र आपले असावे ते या तारखेसाठी. नांगर मात्र पहिली एक-दोन वर्षे भाड्याने चालवला तरी बिघडत नाही.

यावर कोणी म्हणेल, पेरणीही भाड्याने करून घेता येतेच की. गावात अवजार बँक आहे, चार जणांकडे यंत्रे आहेत. खरे आहे, आणि दर एकरी भाडे पाहिले तर ते स्वस्तही वाटते. अडचण अशी की वाफसा साऱ्या शिवाराला एकाच वेळी येतो. यंत्रवाला आधी स्वतःचे रान पेरतो, मग भाऊबंदांचे, मग मोठ्या गिऱ्हाइकाचे. तीन-चार एकरांचा नवखा माणूस रांगेत शेवटी असतो. भाड्याची खरी किंमत या रांगेत दडलेली असते. यंत्र आपले पण ट्रॅक्टर दुसऱ्याचा, अशी स्थिती असेल तर रांग पुरती सुटत नाही, हेही मान्य केले पाहिजे. अशा वेळी बैलजोडीवर चालणारी तिफण किंवा हाताने ढकलायचे टोकण यंत्र हा कमीपणाचा पर्याय मानू नये. दीड-दोन एकरांना ते पुरते, आणि तारीख आपल्या हातात ठेवते.

आता नांगराकडे वळू. जुना नांगर घ्यायला धास्ती का नको, याचे कारण त्याच्या बांधणीतच आहे. मातीला भिडणारे आणि झिजणारे भाग निराळे, आणि भार पेलणारा सांगाडा निराळा, अशी ही बांधणी असते. नांगराची धास्ती तशी नवी नाही. उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवायला घेतला, आणि १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसल्यावर त्या नांगरांचे उत्पादन वाढले. लोखंडाने जमीन बिघडेल अशी भीती तेव्हाच्या शेतकऱ्यांना वाटत होती. अनुभवाने ती गेली. आजच्या ट्रॅक्टरच्या पलटी नांगरात फाळ बोल्टांनी बसवलेला असतो. झिजला की काढून दुसरा बसवता येतो. फाळाचे टोक, माती उलटवणारे पाते, तासाच्या, म्हणजे नांगराने पडलेल्या सरीच्या, भिंतीला घासत जाणारी पट्टी, हे सारे तालुक्याच्या गावी मिळते आणि गावातला फॅब्रिकेशनवाला ते बसवून देतो. म्हणून जुन्या नांगराचा फाळ झिजलेला दिसला तर नकार देऊ नये. नव्या फाळाची किंमत वजा करून भाव सांगावा.

नकार द्यायचा तो सांगाड्यासाठी. नांगर सपाट सिमेंटच्या जमिनीवर ठेवावा आणि पुढच्या फाळाच्या टोकापासून मागच्या फाळाच्या टोकापर्यंतचे अंतर, तसेच दोन्ही खांबांमधले वरचे अंतर टेपने मोजावे. ही दोन मापे जुळत नसतील तर खांब वाकलेला आहे. मग सांगाड्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांतून दोरी ताणून कर्ण मोजावेत. त्यांत ठळक फरक असेल तर नांगर कधीतरी खडकाला किंवा झाडाच्या मुळाला अडकून पिळला गेला आहे. असा नांगर रानात एका बाजूला ओढत राहतो आणि कितीही जुळवणी केली तरी तास सरळ येत नाही. ताजा रंग दिसला तर वेल्डिंगच्या सांध्यांवरून नख आणि पटाशी फिरवावी. रंगाखालून जाड, ओबडधोबड वेल्डिंग निघाले तर तिथे पूर्वी तडा गेला होता असे समजावे. जोडपिनांची भोके गोल आहेत की लांबट झाली आहेत, हेही पाहावे. शेवटी नांगर जमिनीवर टेकलेला असताना फाळाचे टोक आणि बाजूच्या पट्टीची टाच यांच्यामधोमध खालून काही मिलिमीटरची फट दिसते का ते बघावे. टोक जमिनीकडे ओढले जाते ते या फटीमुळे. फट नाहीशी झाली असेल तर नांगर मातीत शिरण्याऐवजी वरून घसरतो. हा दोष मात्र फाळ बदलला की जातो.

पात्यावरचा गंज कधी चालतो आणि कधी चालत नाही, हे जमिनीवर अवलंबून आहे. वरवरचा तांबूस गंज मुरमाड किंवा वाळूसर रानात दोन तास फिरवला की घासून निघतो. गंजाने खड्डे पाडले असतील तर काळी चिकण माती त्या खड्ड्यांत धरते, पात्यावरून सुटत नाही, आणि नांगर माती उलटवण्याऐवजी पुढे ढकलत नेतो. काळ्या रानवाल्याने अशा पात्याचा खर्च आधीच हिशेबात घ्यावा. रानात दगड आणि मुळ्या फार असतील तर तवा नांगर बरा. अडथळा आला की त्याचा तवा त्यावरून चढून जातो. त्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक तवा दोन्ही हातांनी हलवून बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते पाहावे. हायड्रॉलिक उलटा-सुलटा होणारा पलटी नांगर घेणार असाल तर तो ट्रॅक्टरला जोडून दहा वेळा उलटवायला सांगावे आणि सिलिंडरच्या दांड्यावर ओरखडे किंवा तेलाची ओल आहे का हे तपासावे.

नांगर चांगला असणे वेगळे आणि तो आपल्या ट्रॅक्टरला पेलणे वेगळे. एका फाळाची रुंदी ३० आणि खोली २० सेंटिमीटर धरली तर तो ६०० चौरस सेंटिमीटर माती कापतो. भारी काळ्या मातीचा विरोध दर चौरस सेंटिमीटरला पाऊण किलो धरला तर एका फाळाला ४५० किलो आणि दोन फाळांना ९०० किलो ओढ लागते. ताशी चार किलोमीटर वेगाने हे ओढायला नांगराच्या टोकाशी सुमारे १३ अश्वशक्ती हवी. चाके घसरण्यात आणि गिअरमध्ये बरीच ताकद खर्ची पडते. इंजिनाची जेमतेम निम्मी ताकद नांगरापर्यंत पोहोचते असे धरणे शहाणपणाचे. म्हणजे २६ अश्वशक्ती तर नुसत्या चालीला लागली. कडक पट्टा लागला तर हाताशी शिल्लक हवी म्हणून ३५ ते ४० अश्वशक्तीखालचा ट्रॅक्टर या कामाला घेऊ नये. खोली ३० सेंटिमीटरवर नेली की ओढ दीडपट होते. मोठ्या शेतकऱ्याने काढून टाकलेला तीन फाळांचा नांगर स्वस्तात मिळतो म्हणून उचलणाऱ्याने हे गणित आधी करावे. जोडणीही जुळायला हवी. लहान ट्रॅक्टरच्या खालच्या जोडाच्या पिना २२ मिलिमीटरच्या, तर पुढच्या श्रेणीच्या २८ मिलिमीटरच्या असतात. बारीक पिनेला बुश घालून मोठ्या भोकात बसवता येते; जाड पीन लहान भोकात बसवण्याचा मात्र सोपा उपाय नाही.

नांगराची गरजच काय, असा आक्षेपही हल्ली घेतला जातो आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. दरवर्षी तिला खोल उलटवायची गरज नसते. उथळ, मुरमाड रानात खोल नांगरट केली तर खालचा मुरूम वर येऊन उलट नुकसान होते. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी रूढ केलेल्या सगुणा पद्धतीत कायमच्या गादीवाफ्यांवर नांगरणीशिवाय पीक घेतले जाते, आणि ती अनेकांनी स्वीकारली आहे. या साऱ्याने या प्रकरणाचे म्हणणे आणखी पक्के होते. नांगर कमी वेळा लागतो, काहींना लागतही नाही. पेरणी मात्र प्रत्येक पद्धतीत, प्रत्येक हंगामात करावीच लागते. मग पैसा आणि लक्ष कुठे आधी जायला हवे, हे वेगळे सांगायला नको.

पेरणी यंत्राचे मर्म त्याच्या पेटीच्या तळाशी असते. तिफणीमागे चाड्यावर मूठ धरणाऱ्या बाईची बोटे दाणे सोडत जातात, दाट झाले की आवळतात, विरळ झाले की सैल होतात. यंत्रात हे काम खाचांचा रूळ किंवा कडेला खाचा असलेली तिरपी चकती करते; तिला फिरवते जमिनीवर चालणारे चाक, साखळीच्या जोरावर. हाताला चूक कळते, चकतीला कळत नाही. खाच झिजली, साखळीचा दुवा आखडला, दंतचक्राचे दात आकड्यासारखे झाले, नळीत कोळ्याने जाळे केले, तरी यंत्र बाहेरून तसेच चालताना दिसते आणि पेटीतले बी कमी होतही जाते. एका दात्यातून, म्हणजे बी सोडणाऱ्या फणातून, जास्त आणि दुसऱ्यातून कमी पडते आहे, हे आठ-दहा दिवसांनी उगवण झाल्यावर दिसते. तोवर वाफसा संपलेला असतो, बियाणे संपलेले असते आणि दुबार पेरणीशिवाय मार्ग नसतो. म्हणून पेरणी यंत्र बघून घेऊ नये, पेरून घ्यावे. आणि त्यासाठी रान लागत नाही, विक्रेत्याचे अंगण पुरते.

यंत्र विटांवर टेकवून चाक अधांतरी करावे. चाकाचा व्यास मोजावा. समजा ४५ सेंटिमीटर निघाला, तर एका फेरीत चाक १.४१ मीटर जाते. यंत्राची रुंदी १.८ मीटर, म्हणजे एका फेरीत सुमारे अडीच चौरस मीटर आणि २० फेऱ्यांत सुमारे ५१ चौरस मीटर पेरले जाते. सोयाबीनचे बियाणे एकरी ३० किलो म्हणजे या ५१ चौरस मीटरांना साधारण ३७८ ग्रॅम हवे. चार दात्यांना वाटले तर प्रत्येकी ९४ ते ९५ ग्रॅम. पेटीत बी भरावे, प्रत्येक नळीच्या तोंडाला एक प्लास्टिकची पिशवी बांधावी, चाकावर खडूची खूण करून चालत्या वेगाने २० फेऱ्या द्याव्यात आणि चारही पिशव्या निरनिराळ्या तोलाव्यात. चारही पिशव्यांत ८० ग्रॅम भरले तर काळजी नाही. मात्रा वाढवता येते. पण एका पिशवीत ९५, दुसरीत ९२, तिसरीत ७० आणि चौथीत ९८ भरले, तर तिसऱ्या ओळीची चकती, तिचे घर किंवा नळी सदोष आहे. सारी चूक सारखी असेल तर ती जुळवणीची. चूक एकाच ओळीत असेल तर ती यंत्राची. जुने यंत्र घेणाऱ्याने हा एक निकष पक्का ध्यानात ठेवला तरी निम्मी पारख साधते.

दुसरी चाचणी बियाणे फुटण्याची. सोयाबीन आणि भुईमूग यांचे साल नाजूक असते. झिजलेल्या रुळाच्या आणि त्याच्या घराच्या सांध्यात दाणा चिरडतो, आणि कधी तो वरून अखंड दिसला तरी आतून दुखावलेला असतो. पिशव्यांतले १०० दाणे घ्यावेत, पेटीत न घातलेले १०० दाणे घ्यावेत, आणि दोन्ही ओल्या गोणपाटाच्या वेगवेगळ्या गुंडाळ्यांत ठेवावेत. यंत्रातून न गेलेल्यांतले ८० उगवले आणि यंत्रातून गेलेल्यांतले ६५, तर हे यंत्र शंभरातल्या पंधरा दाण्यांचा जीव घेते आहे. २०२० च्या खरिपात राज्यात सोयाबीन न उगवल्याच्या हजारो तक्रारी झाल्या आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. अशा वेळी सारा रोष बियाण्यावर जातो. बियाणे सदोष असू शकतेच. पण जास्त खोल पडलेला दाणा आणि यंत्रात दुखावलेला दाणाही उगवत नाही, आणि शेतकऱ्याने ही चाचणी आधी केली असेल तरच दोष कुणाचा हे त्याला सांगता येते.

यंत्र या दोन्ही परीक्षांत उतरले की बाकीचे पाहावे. खताच्या पेटीचा तळ बोटाने दाबावा. हंगामानंतर खत तसेच राहिले असेल तर ते ओल धरून पत्रा खाते. दाते आडव्या दांडीवर सरकतात का हे पान्याने सोडवून पाहावे. सोयाबीनला ४५ सेंटिमीटर आणि हरभऱ्याला ३० सेंटिमीटर ओळ हवी असेल आणि बोल्ट गंजून बसले असतील, तर ते एकाच पिकाचे यंत्र झाले. आपल्या पिकांच्या चकत्या सोबत मिळतात का, नसतील तर त्या बनवणारा अजून धंद्यात आहे का, हे विचारावे. यंत्र घरी आल्यावर एक काम उरते ते रानातले. ओल्या मातीत चाक थोडे घसरते आणि अंगणातल्यापेक्षा बी कमी पडते. म्हणून पेरणीच्या पहिल्याच ओळीत थांबून एक मीटरभर माती हाताने उकरावी आणि दाणे मोजावेत. शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम असेल तर एकरी ३० किलोने मीटरला सुमारे २८ दाणे पडायला हवेत. ७० टक्के उगवण धरली की त्यांतून २० रोपे, म्हणजे पाच सेंटिमीटरला एक रोप मिळते. त्याच वेळी दाणा तीन ते पाच सेंटिमीटर खोल आहे ना, हेही पट्टीने मोजता येते.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. सरकार नव्या अवजारांना अनुदान देते, मग जुने का घ्यावे? कृषी यांत्रिकीकरण उपअभियानाखाली अल्प व अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत ५० टक्के, इतरांना ४० टक्के साहाय्य मिळते. हा आक्षेप नांगरापेक्षा पेरणी यंत्राला जास्त लागू पडतो, आणि त्याचे उत्तर आकड्यांतच द्यावे. ज्याला निम्मे अनुदान मिळणार आहे, त्याच्यासाठी जुन्या पेरणी यंत्राची किंमत आणि दुरुस्ती मिळून नव्याच्या निम्म्याहून बरीच कमी असेल, तरच जुने परवडते. मात्र अनुदानाला महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अर्ज, निवड आणि पूर्वसंमती लागते. संमतीआधी खरेदी केली तर ते मिळत नाही. जूनच्या पेरणीआधी संमती येईलच याची हमी नसेल, तर अनुदानाचा अर्ज करावा आणि पहिल्या हंगामापुरते, दोन्ही चाचण्यांत उतरलेले जुने यंत्र घ्यावे. ते पुढे विकताना फारसा तोटा होत नाही, कारण नव्याची घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. नांगराच्या बाबतीत असा पेच कमी पडतो. चांगला सांगाडा वर्षानुवर्षे टिकतो. त्यामुळे तो जुना घेण्यात तोटा नाही.

एवढे तपासू कोण देणार, असेही म्हटले जाईल. मृगाच्या तोंडावर गेलात तर कोणीच देणार नाही. चार गिऱ्हाइके दारात असताना विक्रेत्याला सवड नसते आणि आपल्यालाही घाई असते. खरिपाच्या पेरण्या संपल्यावर किंवा हिवाळ्यात यंत्र छपराखाली पडून असते, मालकाला ते जागा अडवते असे वाटते, आणि किलोभर सोयाबीन घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो अर्धा तास सहज देतो. तेव्हाही जो चाक फिरवून पाहू देत नाही, त्याचे यंत्र घेऊ नये. त्याच्या नकारातच तपासणीचे उत्तर आले.

तेव्हा नव्या शेतकऱ्याचा क्रम असा असावा. पहिल्या वर्षी नांगरट भाड्याने करावी आणि हिवाळ्यातच पेरणी यंत्र शोधायला लागावे. यंत्र पाहायला जाताना टेप, तराजू, चार पिशव्या आणि आपल्या पिकाचे बी सोबत न्यावे. नांगर नंतर, आपल्या मातीची खोली आणि आपल्याला मिळणाऱ्या ट्रॅक्टरची ताकद कळल्यावर घ्यावा. जुने अवजार घेताना पैसे वाचतात ते भाव पाडून नव्हे, तर कोणता दोष दुरुस्त होतो आणि कोणता होत नाही हे ओळखून. नांगराचा फाळ बाजारात पुन्हा मिळतो. पेरणीचा वाफसा त्या वर्षी पुन्हा मिळत नाही.